हत्तीची बाजू खाली

उमापूर, मंगळवार

फोन केलास की "जेवलीस का" विचारून ठिवून देतोस, म्हणून ह्या वयात मला कागद काळे करायला लागले.

चि. आश्रुबास आईचे आशीर्वाद. मी बरी हाय. तुझी प्रियदर्शनी बी बरी हाय, उन्हानं काळी पडलीय तेवढी. तिच्या ट्रेनिंगात इथल्या जुन्या बारवेचा एकेक दगड मोजून, फोटो काढून कागदावर चढवत्यात. मी तिच्या सोबतीला आले, पण माहेर असून मला करमंना.

बारवेच्या भिंतीत हत्तींची रांग हाय, त्यातली एक जागा मोकळी. पोरीनं विचारलं, "आज्जी, तुझंच गाव हे. इथला हत्ती कुठं गेला गं?"

म्या म्हणलं, "मी काय हत्ती राखत व्हते?"

तिनं गुमान "माहिती नाही" लिवलं.

आपल्या मोरीतला धुण्याचा धोंडा माझ्या बापानं लग्नात दिला, तो इथलाच. "हत्तीची बाजू खाली ठेव," म्हणला व्हता. पन्नास वर्सं तशीच ठिवली. फोन पोरीच्याच हातात असतो, त्यावर हे कसं बोलू?

पुढल्या शनिवारी कागद जमा व्हणार. मग माझं खोटं तिच्या नावानं कायमचं ऱ्हाईल. धोंडा उलटा करून बघ, हत्ती धड हाय का. परत द्यावा म्हणते. सूनबाईचा, सत्यशीलाचा, गुडघा अजून दुखतोय का?

धोंडा द्यायचा का, ह्याचं उत्तर तू लिवू नको, तिनं लिवावं. त्या धोंड्यावर रोज कापडं ती आपटती, तू न्हाई.

मुक्ताबाई