बाहेरची कडी

प्रिय पुष्पांजली,

फोन सोडून वहिनी पत्र कायले लिहून राहिली, असं म्हणशील. बोलताना दम लागतो गं. चार शब्द झाले की तोंडाने औषधाचा पंप ओढावा लागतो, म्हणून लिहिते आहे.

कामठ्यात माझ्या माहेरी बरं चाललंय. चुलीचा धूर सोसत नाही म्हणून आईनं मला पडवीत झोपवलंय. तुला गोंदियाचं सासर चांगलं मिळालं, ऐकून आनंद झाला. खोटं कायले बोलू, नाही झाला.

तुला बघायला तुझे सासरचे आले तो दिवस आठवतो ना? बिरसी गावच्या आपल्या घरी सकाळपासून धावपळ. तू माझी मोरपंखी साडी नेसून बसलीस आणि मला म्हणालीस, मागचं संडास-बाथरूम चमकव, शहरातली माणसं आहेत. मी ॲसिड ओतलं. डाग जाईना म्हणून वर ब्लिचिंग पावडर टाकली. तो मूर्खपणा माझाच, कबूल. पिवळट धूर उठला, नाकातोंडात गेला, खोकला थांबेना. दार ढकललं तर बाहेरून कडी. मी मगानं दार बडवलं. पलीकडून तुझा आवाज आला, "वहिनी, खोकू नको, ते लोक चहा पिऊन राहिले." खोकणारी सून दिसली तर सोयरीक मोडेल, एवढीच तुला भीती. त्यांनी दुसरा कप मागितला, हे मला नंतर कळलं. तो संपेपर्यंत मी आत होते.

दवाखान्यात मी सांगितलं, कडी आपोआप अडकली. तुझं लग्न व्हायचं होतं ना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून जळलीत, आता अशीच राहणार.

आणि तू काय केलंस? तुझ्या दादांना फारकत हवी आहे, पोरगी ठेवून घ्यायची आहे. रविवारी समाजाची बैठक. त्यासाठी तू लिहून दिलंस, की मंजूला हा खोकला लग्नाआधीपासून होता, माहेरच्यांनी लपवला. माझी तीन वर्षांची पोर माझ्यापासून तोडताना तुला काहीच वाटलं नाही? मला तुझा राग येतो, पुष्पा. फार येतो.

तूच एकदा हसत सांगितलं होतंस, घरात आलेलं प्रत्येक पत्र तुझे सासरे आधी स्वतः फोडून वाचतात. दम लागतो हे खरं, पण पत्र लिहिलं ते त्यासाठी.

केवलराम काकाजी, नमस्कार. दुसरा कप तुम्ही मागितला होता. रविवारी बैठकीत तुमचाच शब्द चालतो. वाचून झालं की हे तिच्या हातात द्या.

तुझीच,
मंजूवहिनी