हवाबंद घर

३ जून, सोमवार
शाळा सोडल्याचा पश्चात्ताप आजपासून बंद. युनिव्हर्सिटीत बिल्डिंग डिझाइनचा कोर्स आहे. एसीशिवाय गार राहणारी घरं शिकवतात. शाळा अर्धवट सोडलेलेही चालतात! घराचं मॉडेल न्यायचं, शनिवारी मुलाखत. मॉडेल होईल. बोलायचं ऐन वेळी बघू.
आईचं म्हणणं, नाही मिळालं तर मामाच्या फ्रिजच्या दुकानात गिऱ्हाइकं बघायची. दिवसभर अनोळखी माणसं! म्हणजे मिळालंच पाहिजे.
आईने समोरच्या काकूंकडून डबा आणायला सांगितला. नाही गेलो. आर्किटेक्टला इतर कामं असतात.

४ जून
मामाकडे फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल मागायला गेलो. आत गिऱ्हाईक होतं. बाहेर थांबलो. ते गेलं, दुसरं आलं. शेवटी मामाच बाहेर येऊन म्हणाला, अरे बुजगावण्या, आत ये की! त्याला वाटलं, मी लाजतोय. मी दुकानावर ऊन कुठून येतं ते बघत होतो.

५ जून, दुपार
व्हिडिओत सांगितलं, फटीतून गरम हवा शिरते. बास, एक फट ठेवणार नाही.
ताई म्हणाली, पर्यावरणाचं घर आणि थर्माकोलचं? म्हटलं, कचऱ्यात जाणार होता, मी वाचवला. ताई मान हलवत आत गेली. म्हणजे पटलं.
संकल्प: रोज एका अनोळखी माणसाशी बोलायचं. आज दूधवाला. तसा ओळखीचा आहे, पण आज टोपी घातली होती.

७ जून
मॉडेल तयार. छप्पर चिकटवायच्या आधी आत बर्फ ठेवला, टेस्टिंगसाठी. संध्याकाळी बघायला गेलो तर कुठूनच दिसेना. इतकं हवाबंद! बर्फ आत असणारच.
आरशासमोर मुलाखतीची प्रॅक्टिस. 'नमस्कार' एकदम झकास.

८ जून, शनिवार
'नमस्कार' राहूनच गेला.
मॅडमनी मॉडेल चारही बाजूंनी फिरवलं. मग उलटं केलं. छप्पर निघालं, आतलं पाणी त्यांच्या कागदांवर. बर्फ होता हे तरी सिद्ध झालं.
विचारलं, माणसं आत जाणार कुठून?
एवढा अभ्यास केला होता, आणि तोंडातून निघालं, पण कुणाला बोलवायचंच कशाला?
हसले सगळे. मॅडम म्हणाल्या, फटी मस्त बुजवल्यास, पुढच्या वर्षी दार लावून ये. आणि जरा मोठ्याने बोल.
घरी सांगितलं, युनिव्हर्सिटी अजून माझ्या लेव्हलला आलेली नाही. मामाने मॉडेल हातात घेऊन बराच वेळ बघितलं. म्हणाला, अरे, फ्रिजलासुद्धा दार असतं.

९ जून
दार कापायला घेतलं. कटर सापडेना. ताई म्हणाली, काकूंकडे आहे. त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. दार भारी बसवलंय, एक फट नाही. बेल उद्या वाजवेन.
उद्या जमणार नाही. उद्यापासून मामाकडे. काम सोपं आहे म्हणतो. गिऱ्हाईक आलं की दार उघडून दाखवायचं.