बांगडा कुठल्या देशाचा?

श्रीवर्धन, ४ नोव्हेंबर १९५८
डॉ. परेरा कोलंबोहून पोचले. खर्च निम्मा त्यांच्या सरकारचा, निम्मा आपला. काम एकच: इथला बांगडा किनाऱ्याकिनाऱ्याने सिलोनपर्यंत जातो का, ते बघायचं. मासेमारी खात्याकडून मदतीला मी. नाव ऐकून बंदरावरचे लोक त्यांच्याशी कोकणीत बोलतात. ते बिचारे मान डोलावतात.

९ नोव्हें.
पहिले बांगडे सोडले. प्रत्येकाच्या कल्ल्याला तारेने पिवळी टिकली. टिकलीवर कुठल्या देशाचं नाव वर, हे दिल्ली-कोलंबोत ठरेना, म्हणून नुसता आकडा. होडीत मला उलट्या. डॉ.नी एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने मासा.

२२ नोव्हें.
टिकलीवाला मासा मिळाला तर टिकली आणून द्या, अशी दवंडी पिटवून पाहिली, एकही टिकली परत नाही. डॉ. खूश. "इथे नाहीत म्हणजे निघाले!" आणि न निघाले तर? "तर तो तुमचाच मासा. आमचं सरकार पैसे कशाला देईल? मला परत बोलावतील."

३० नोव्हें.
आमची घरमालकीण हिराबाई कोळीण, तिच्याकडे जेवण. पाहुणे म्हणून बांगड्याचं डोकं डॉ.च्या ताटात. रश्श्यात पिवळी टिकली! डॉ. किंचाळले.
"काटा लागला काय वो, सायेब?"
मी विचारलं, टिकली दिसली नाही?
"दिसली की. सरकारी शिक्का हाय, म्हंजे मासा तपासलेला. म्हनून तर सायबासाठी ठेवला."
"दवंडी?"
"ऐकली. टिकली देनारच व्हते, जेवन झाल्यावर."
मासा दिराच्या जाळ्यात सापडलेला. आम्ही सोडला होता तिथेच, खडकापाशी. डॉ.चा चेहरा पडला. जेवले मात्र पोटभर.

२ डिसें.
म्हटलं, हा एक बांगडा वर कळवूच नका. "पोटात गेलाय माझ्या. आता खोटं कसं बोलू?" कळवला. हा माणूस गेला तर मला करमणार नाही, हे आज कळलं.

१४ डिसें.
दोन्हीकडचे साहेब आले. दिल्लीवाले: मासा जात नाही, तेव्हा आमचा. कोलंबोवाले: जाणारे गेले, हा आळशी तेवढा मागे राहिला. दुपारपर्यंत भांडले, हिराबाईकडे जेवले, निर्णय तारेने कळवू म्हणाले आणि गेले.

१९ डिसें.
तार नाही. डॉ.ची बॅग भरलेली, तरी सकाळी होडी काढली. एकेक बांगडा सोडताना डॉ. त्याच्याशी सिंहलीत काहीतरी पुटपुटत होते. मंत्र आहे का, विचारलं.
"छे! सांगतोय, बाहेर पडलास की डावीकडे वळ."