वकिलासाठी जरा अवघड

६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. खोली कोरडी आहे, गादी बरी आहे आणि मेसच्या जेवणात मीठ कमी आहे, एवढं कळलं. बाकी सगळं पत्र वकिलाबद्दल होतं. मी तुझी सख्खी बहीण आहे, हे मधूनमधून लक्षात असू दे.

तुझा कुत्रा ठीक आहे. ठीक म्हणजे खातो, पितो. पण मी प्रयोगशाळेत गेले की दिवसभर एकटा पडतो, आणि एकटा पडला की खिडकीशी उभा राहून जो युक्तिवाद सुरू करतो तो मी येईपर्यंत. तू त्याचं नाव वकील ठेवलंस तेव्हा मी हसले होते. आता खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई मला अडवून विचारतात, की याची केस संपणार कधी. मुलांच्या वह्या तपासताना त्यांना आपणच आरोपी असल्यासारखं वाटतं म्हणे. सोफ्याची एक कडही उसवून झाली आहे.

तुझ्या जुन्या स्वेटरवर डोकं ठेवून झोपतो. मी थोपटायला गेले की उठून दुसरीकडे जातो. मला उगाचच अपराधी वाटतं, जणू मीच तुला घालवून दिलं.

काहीतरी सुचव. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
टिल्लू

१९ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

स्वेटरचं वाचलं. इथे कामगारांच्या खोल्यांत जनावर चालत नाही, हे मला नोकरी घेण्याआधीच माहीत होतं. माहीत असून घेतली. त्याला समजावणं शक्य नव्हतं, आणि तुला निघण्याच्या गडबडीत विचारलं. तू हो म्हणालीस, म्हणून मी नीट विचारलं असं समजून चाललो.

सोबत पार्सल आहे. कारखान्यात धातूच्या ओतकामासाठी लाकडी साचे करायचं माझं काम, त्यामुळे उरलेल्या तुकड्यांना इथे तोटा नाही. त्यातून एक पाटी केली आहे. तिच्यात खळगे आहेत आणि खळग्यांवर सरकती झाकणं. खळग्यात त्याची बिस्किटं नाहीतर उकडलेल्या गाजराचे तुकडे ठेवायचे, त्याने नाकाने झाकण सरकवून शोधायचे. डोकं चाललं की कुत्रा दमतो आणि दमला की गप्प बसतो, असं इथला पहारेकरी सांगतो. त्याच्या दोन कुत्र्यांचा अनुभव आहे. कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत, रंग लावलेला नाही. सुरुवातीला तू जवळ बसून दाखव.

मास्तरीणबाईंना माझ्या वतीने क्षमा माग. तुझी कशी मागू ते ठरलं की लिहीन.

दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाटीचा पहिला दिवस असा गेला: वकिलाने ती हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि पंजाने सरळ उलटी केली. बिस्किटं बाहेर, खेळ खलास. मला इतकं हसू आलं की कामावर जायला उशीर झाला. मग मी पाटी घट्ट धरून बसले, एक झाकण स्वतः सरकवलं, आणि दोन-तीन दिवसांत गडी तयार. नंतर तू दोरी ओढून उघडायचे खण पाठवलेस, तेही त्याने जिंकले. भुंकणं जवळजवळ थांबलं आहे. मास्तरीणबाईंनी काळजीने विचारलं, की कुत्रा दिला का कोणाला.

आणखी एक. आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीत एक्स-रे काढणारे एक गृहस्थ आहेत. सध्या एवढंच. कामानंतर कधी कधी आम्ही चहा घेतो, चालून येतो. लगेच मोठ्या भावाचा चेहरा करू नकोस.

अडचण अशी की माझी चप्पल पायात सरकेपर्यंत वकिलाचे सगळे खण रिकामे झालेले असतात. त्याला जरा अवघड असं काही कर ना. वेळ लागेल असं.

तुझी,
टिल्लू

५ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

मोठ्या भावाचा चेहरा केला आहे, पण इथे बघायला कोणी नाही. त्या गृहस्थांना आरपार बघायची सवय आहे, तेव्हा जपून.

अवघड हवं होतं ना, घे. एक जाड ठोकळा आहे, मधून गोल भोक. आत बिस्किट दाबून बसवायचं, ते जिभेनेच थोडं थोडं काढता येतं. साच्याच्या भोकाला आम्ही नेहमी ढाळ देतो, म्हणजे तोंडाशी ते किंचित रुंद ठेवतो, म्हणजे आत गेलेली वस्तू अडकत नाही. इथे मुद्दाम दिलेला नाही, बिस्किट चटकन सुटू नये म्हणून. आता खुशाल फिरून ये.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कामात होते. इकडे सगळं बरं आहे. आता आणखी खेळणी पाठवू नकोस, घरात जागा नाही. तब्येतीला जप.

टिल्लू

९ एप्रिल

चि. टिल्लूस,

तुझ्या पत्रात एकही चेष्टा नाही आणि वकिलाचं नावही नाही. तू काही लपवायला लागलीस की वाक्यं आखूड करतेस, लहानपणापासून. काय असेल ते लिही. मी रागावणार नाही, असं लिहिणार होतो. पण रागावण्याचा हक्क तरी मला कुठे उरला आहे? लिही.

दादा

१५ एप्रिल

ती. दादास,

त्या सकाळी मी ठोकळा भरून ठेवला. काम संपल्यावर एक्स-रेवाल्यांबरोबर जेवायला गेले. आधी घरी डोकावून यावं, असं मनात आलं होतं. मग म्हटलं, आहे ना त्याला ठोकळा.

दार उघडलं तर तो आला नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. खालचा जबडा भोकात गेला होता आणि लाकूड सुळ्यांच्या मागे घट्ट बसलं होतं. सुटण्यासाठी त्याने ठोकळा फरशीवर आपटला होता, सगळीकडे लाळ आणि रक्त होतं. मला पाहून त्याने शेपूट हलवलं, दादा. तशा अवस्थेत.

मास्तरीणबाई दवाखान्यापर्यंत बरोबर आल्या. दुपारभर त्यांना वर खटखट ऐकू येत होती. वकील खेळात रमला आहे, असं समजून त्या निर्धास्त राहिल्या. हे सांगताना त्या रडायला लागल्या आणि मी त्यांची समजूत घालत बसले. माझी कोणी घालावी असं मला वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी भूल देऊन लाकूड कापलं. एक सुळा काढावा लागला, जबडा वाचला. असली खेळणी टाकूनच द्यायची का, म्हणून मी विचारलं. ते कापूस गुंडाळत म्हणाले, "खेळणी चांगली आहेत. पण ती त्याच्याबरोबर बसून खेळायची. त्याला देऊन निघून जायचं नाही." रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

अवघड मी मागितलं होतं. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून नाही, मला संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून. तुला कळवायची हिंमत झाली नाही. जमलं तर येऊन बघून जा. त्याला न्यायचं ठरवलंस तरी मी काही म्हणणार नाही.

टिल्लू

८ मे

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. घरी होतो तेवढे दिवस आपण दोघं दोष आपल्याकडे ओढत राहिलो, जेवताना मीच वाढणार म्हणून पळी ओढावी तसे. तू म्हणायचीस तू मागितलंस, मी म्हणायचो ढाळ मी दिला नाही. आणि वकील मधे बसून आपल्याकडे आळीपाळीने बघायचा. आता समोरासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

त्याला घेऊन जायचं ठरवूनच मी आलो होतो. नोकरी सोडण्याचा अर्जही मनात तयार होता. पण तू कामावर गेलीस की तो दाराशी जाऊन बसायचा. मी घरात असताना. हाक मारली की यायचा, मांडीवर डोकं ठेवायचा, माझा मान ठेवायचा. थोड्या वेळाने उठून पुन्हा दाराशी. पाहुण्याशी वागावं तसं तो माझ्याशी नीट वागला.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याखाली सुटल्यासारखंही वाटलं. परतताना बसमध्ये मी गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा त्या झोपेची जी लाज वाटली, ती कोणाला सांगू? तुलाच सांगतो.

तो तुझ्याकडेच राहू दे. हे मी तुला विचारतो आहे, नीट. नाही म्हणालीस तरी चालेल.

दादा

१९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हो.

झोपलास ते बरं केलंस, असं लिहून मी तुला मोकळं करू शकते. पण करणार नाही, कारण मग मलाही कोणीतरी मोकळं करावं लागेल, आणि फरशी पुसताना अजून माझा हात त्या कोपऱ्यात थांबतो.

वकिलाची सूज उतरली आहे. बिस्किट दुधात मऊ करून देते. संध्याकाळी पाटी घेऊन दोघं जमिनीवर बसतो. मीच दचकते, झाकण जरा अडलं की हात पुढे करते. तो मात्र माझा हात नाकाने बाजूला सारतो आणि आपलं काम करतो. एक्स-रेवाले हल्ली घरीच येतात आणि आमच्याबरोबर खाली बसतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण तक्रार करत नाहीत. परवा वकिलाने सगळे खळगे रिकामे केले आणि पाटी ढकलत माझ्या पायाशी आणली. धुवायचे कपडे भिजत पडले होते. ते तसेच राहू दिले आणि पाटी पुन्हा भरली.

तू आता पार्सल पाठवू नकोस. सुट्टी मिळाली की तूच ये. तो पाहुण्यासारखं वागवील, वागवू दे. तू जिना उतरल्यावर तो खिडकीशी गेला होता आणि तू वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभा होता. हे तुला सांगायचं की नाही, यावर इतके दिवस गेले.

लोभ कर, आणि जमेल तेव्हा तो स्वतः घेऊन ये.

तुझी,
टिल्लू