सहाव्या गाण्याचा नंबर

इंदापूर
१२ जानेवारी १९९८

चि. करुणा,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडीत तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही. तू हॉस्टेलवर वेळेवर जेवतेस ना? नर्सिंगच्या पोरी दुसऱ्यांना चांगलंचुंगलं खायला सांगतात आणि स्वतः चहा-बिस्किटावर दिवस काढतात, असं ऐकून आहे.

बारामतीच्या गाडीवरच्या दत्तोबा कंडक्टरनं तुझी कॅसेट आणून दिली. सोबतची चिठ्ठी वाचून हसलो. हॉस्टेलवर भांडण लागलंय काय, आणि या दहा पॉप गाण्यांना नंबर लावायला इंदापूर स्टँडवर गाड्या पुकारणारा बाप लागतो काय! तू लिहितेस, "अण्णा, तुमचा कान पक्का आहे. गायन स्पर्धांना तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावतात. नावं न बघता नुसतं ऐका आणि नंबर लावा." नावं बघू नका म्हणतेस, पण तू कव्हरवर एकही नाव लिहिलेलं नाहीस. बघू काय?

आता खरं सांगतो. ऐकून मी पार गोंधळलो आहे. मिसरूड फुटल्यापासून गायन पार्टी चालवतोय. सिनेमातल्या कितीतरी चाली उचलून त्यांवर आपली भीमगीतं बसवली, तेव्हा चाल म्हणजे काय हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. पण तुझ्या या गाण्यांना सिनेमाच नाही. नट नाही, नटी नाही, गाणाराच नाचतो. मग कोण कुणाला काय म्हणतंय? लग्न ठरलंय की मोडलंय? काही पत्ता लागत नाही. आणि ढोलक मशीनची, कधीच न चुकणारी. न चुकणारा ढोलकवाला मला आजवर भेटलेला नाही, त्यामुळे विश्वास बसत नाही.

तरी नंबर लावले. हिंदीत सुरू होऊन इंग्रजीत संपतं ते दुसरं, कारण त्या ठेक्यावर जयंतीचं एक गाणं झकास बसेल. पंजाबी तिसरं. त्यातला एक शब्द कळला नाही, पण पाय हलला. शिट्टीवालं चौथं. तो एक गडी गाण्यापेक्षा उसासे जास्त टाकतो, त्याला दमा असावा. तो नववा. दहावं कुठलं ते तुझ्या आईलाही कळलं. ते सुरू झालं की ती उठून भांडी घासायला जाते. मधली चार सगळी सारखीच आहेत, कशीही लावून घे.

पहिला नंबर कॅसेटमधल्या सहाव्या गाण्याला. आता हे का, ते विचारू नकोस. वाद्यं म्हणशील तर एक गिटार, आणि कुणीतरी टेबल बडवतंय. मधेच रस्त्यावरून स्कूटर जाते. एवढ्या मोठमोठ्या कंपन्या, त्यांना एक शांत खोली मिळू नये? गळा कोवळा आहे, वर जाताना घाबरतो. हे सगळं कळतं, तरीही एक नंबर. काल पार्टीतल्या सगळ्यांना बसवून ते ऐकवलं. हा गाणारा कोण? शेजारच्या सारजाकडे केबल आहे. रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून टीव्हीकडे डोळे लावतो, पण हा गडी काही दिसला नाही. नाव कळव.

कॅसेट एवढ्यात परत मागू नकोस. अजून ऐकायची आहे.

तुझे,
अण्णा


इंदापूर
४ फेब्रुवारी १९९८

करुणा,
जयभीम.

आम्ही बरे आहोत.

हे पत्र पोस्टानं टाकतोय. दत्तोबाकडे देण्यासारखं नाही.

मागच्या पत्रातले नंबर रद्द समज. नवे असे: इंग्रजीत संपणारं पहिलं, पंजाबी दुसरं, शिट्टीवालं तिसरं, बाकीची एकेक घर वर. सहावं गाणं दहावं. कारण विचारशील तर गडी नाकात गातो. शिवाय स्कूटर. शिवाय टेबल हे काय वाद्य आहे?

तुझ्या आईनं सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्याच तोंडानं ते ओढवून घेतलं. त्या सहाव्या गाण्याच्या चालीवर जयंतीचं गाणं लिहायला बसलो होतो, आणि हा गाणारा टीव्हीवर दिसत कसा नाही म्हणून चुलीपाशी बसलेल्या तुझ्या आईला विचारत होतो. ती हसायलाच लागली.

"आवो, त्यो टीव्हीवर दिसायचा न्हाय. त्यो बारामतीत दुकानात क्याशेटी भरून देतो. राम नाव हाय त्याचं, निरवांगीचा हाय. आपल्या करुणाला त्याच्यासंगं लगीन करायचंय."

"मग मला आधी का न्हाय सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तुमी गाणं ऐकलं असतं का?"

मी चप्पल घालून बाहेर गेलो. कुठं जायचं हे ठरलं नव्हतं, त्यामुळे स्टँडवर जाऊन बसलो. ड्यूटी नव्हती. लोकांना वाटलं मी गाडीसाठी थांबलोय.

त्यांचं घर कसं आहे याची माहिती काढली. पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि थोडी डाळिंबं. माणसं कष्टाळू आहेत म्हणतात. पण ते ते आणि आपण आपण. तू लगेच म्हणशील, अण्णा, स्टेजवर तुम्हीच गाता ना, जात मोडा म्हणून? होय, गातो आणि पोटातून गातो. पण स्टेजवरून खाली उतरलं की कुठल्या घरी पंगतीला बोलावतात आणि कुठल्या घरी पायरीवरच चहाचा कप येतो, हेही मला पाठ आहे. मुलगा लाख चांगला असेल. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात तू कुठं बसशील? मला त्याची भीती वाटते. राग नाही, भीती. मग वाटतं, नाही, रागच आहे. काय आहे ते कळत नाही.

नंबराचंही तेच झालंय. पार्टीतला सोमनाथ म्हणाला, "मास्तर, परवा तर तुमी त्याला एक नंबर म्हणत हुता." म्हणून लाजेकाजेस्तव सातवा केला. परत ऐकलं, चौथा झाला. मग तुझी आई नुसती माझ्याकडे बघून गालात हसली, तेव्हा पुन्हा दहावा केला. एवढ्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो, कुणाचा नंबर कधी फिरवला नव्हता.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला मागून एक मुलगी साथ देते. पहिल्या पत्रात मी तिचं नावही काढलं नाही. पण पहिल्याच वेळेला ओळखला होता तो आवाज. दहावीपर्यंत तू माझ्या डाव्या हाताला बसून कोरस द्यायचीस, मी ओळखणार नाही? वाटलं, कुणा टीव्हीवाल्याच्या गाण्यात पोरीनं मैत्रिणींबरोबर मागून आपला आवाज भरून गंमत केली असेल, आणि मलाच ते सांगायचं असेल की अण्णा, मी परत गायला लागले. म्हणून एक नंबर दिला. गाण्याला नाही, तुला दिला. त्या रात्री मला आनंदानं जेवण गेलं नाही.

आणि तो गाणारा गडी तुझा कोण, हे आता कळतंय.

घरी येतेस तेव्हा म्हणतेस, गळा बसलाय, गाणं सुटलं, आता होणार नाही. मी कधी आग्रह केला नाही. आणि तो बसलेला गळा बारामतीत एका दुकानात बरा होतो! मला सांग, माझ्याजवळ बसून तुझा गळा का बसला? मला नेमकं काय लागलं, त्यांची जात, तो मुलगा की हे, ते माझं मला सांगता येत नाही. तुला माहीत असेल तर कळव.

तूर्त त्या गाण्याला नंबर नाही.

अण्णा


इंदापूर
१ मार्च १९९८

चि. करुणा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. "अण्णा, तुमच्या शेजारी मी तुमच्यासारखं गायला बघायची आणि माझं असं काही उरायचंच नाही," हे तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पूर्ण समजलं असं म्हणत नाही. पण वाईट वाटून घेतलेलं नाही. आईचा गुडघा बरा आहे.

काल दुपारी जे झालं ते सांगतो. अर्थ तू लाव.

कंट्रोल केबिनच्या खिडकीशी एक फेटेवाले गृहस्थ आले. "ज्ञानू मास्तर तुमीच का?" मला वाटलं गाडी विचारतायत. निरवांगीला जायचं म्हणाले, तर गाडीची वेळ सांगितली. ते म्हणाले, "गाडीचं म्हाईत हाय. गाण्याचं इचारायचंय." आणि बंडीच्या खिशातून कॅसेट काढली. माझ्याकडे आहे तशीच. कव्हर कोरं.

"माझं पोरगं बारामतीला आस्तं. त्यानं ही धाडलीया. म्हणतो, आबा, धा गाणी हायती, नंबर लावा. मला गाण्यातलं काय कळतंय? दत्तोबा कंडक्टर म्हणला, मास्तरांचा कान पक्का हाय. तुमी लावून द्या, म्या आपलं म्हणून सांगीन."

करुणा, हे रामचे वडील बापूसाहेब, घराची माहिती काढताना नाव ऐकलेलंच होतं. त्यांना तुझं नाव ठाऊक नाही, माझं नातं ठाऊक नाही, गाणारा कोण ते ठाऊक नाही. मुलाच्या बापानं नंबर लावून घ्यायला मुलीच्या बापाकडेच यावं! तुम्ही दोघांनी काय डोकं लढवलं होतं ते तुम्हालाच ठाऊक, पण त्याचं हे असं झालं.

समोर फुलाबाईच्या टपरीत टेप आहे, तिथं नेलं. दोन चहा सांगितले आणि ऐकायला बसलो. माणूस हट्टी आहे. त्या उसासेवाल्याला ते म्हणे पहिला नंबर. "मास्तर, ह्यो गडी खरा दुखावलाय." मी म्हटलं, "बापूसाहेब, त्याला दम लागतोय." "मग दम लागंस्तवर दुखावलाय." पंजाबी गाणं त्यांना अजिबात पटलं नाही. आम्ही इतके तावातावानं भांडलो की फुलाबाई म्हणाली, तुमच्यात बांधाचा वाद हाय का? क्षणभर मी विसरूनच गेलो होतो की पुढं सहावं येणार आहे.

ते आलं. बापूसाहेबांनी तोंड वाकडं केलं. "ह्यो कोन रडतोय? ह्याला शेवटला टाका." पोटच्या पोराचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. चहा घेताना म्हणाले होतेच, घरी पोरगं तोंड उघडत न्हाय. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मग दुसरं कडवं लागलं आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही पोरगी कोन वो? हिनं थांबू न्हाय वाटतंय."

मी गप्प बसू शकलो असतो. नंबर लावून दिले असते, ते गाडीत बसून गेले असते. पण बोललो. "पोरगी माझी हाय. करुणा. आन गातोय त्यो तुमचा राम. त्यांना लगीन करायचं हाय."

ते फुलाबाईला म्हणाले, "बाई, जरा मागं घ्या." सगळं गाणं पुन्हा ऐकलं, या वेळी मान खाली घालून. संपल्यावर विचारलं, "तुमी जयभीमवालं न्हवं?" म्हटलं, "व्हय." तेवढ्यात निरवांगीची गाडी लागली. ती दुसऱ्यानंच पुकारली.

उठताना ते म्हणाले, "मास्तर, ह्यो होकार समजू नका. नकारबी समजू नका. रामच्या आईला हे कसं सांगायचं, त्येच मला कळंना झालंय. पर पोरानं इचारलंय. त्या गाण्याचा नंबर काय सांगू?"

मी म्हटलं, "बापूसाहेब, ज्या स्पर्धेत आपलं पोर बसलंय तितं परीक्षकानं खुर्ची सोडायची आसती. तुमीबी सोडा, मीबी सोडतो."

त्यांनी मान हलवली, दोन्ही चहाचे पैसे दिले आणि गाडीत बसले. हे पैसे का दिले, याचाही मला अर्थ लागलेला नाही. तुझी आई म्हणते लागतो. पण मला इचारू नका म्हणते.

तर नऊ गाण्यांचे नंबर तुझे तू लाव. सहाव्याला माझ्याकडून नंबर नाही, पहिलाही नाही, दहावाही नाही. रविवारी रामला घेऊन ये. आधी मी त्याला समोर बसवून विचारणार आहे, की त्याच्या घरात तुझं ताट कुठं मांडलं जाईल, आणि नाही मांडलं तर तो स्वतः कुठं जेवेल. याचं सरळ उत्तर घेतल्याशिवाय त्याला उठू देणार नाही. तुला ते आवडणार नाही, पण मला ऐकायचं आहे.

उत्तर पटलं तर पेटी काढीन. मग ते गाणं म्हणा. पण पोरी, तू मागून साथ द्यायची नाहीस. तू पुढं बसून गायचंस, तुझ्या गळ्यानं, माझ्यासारखं नाही. त्याला मागं बसू दे. तुझ्यामागं गाणं त्याला जमतं का, एवढंच मला बघायचं आहे.

वाट बघतो.

खुर्ची सोडलेला,
तुझा बाप