सारखं पाणी पिणारं कुत्रं

७ फेब्रुवारी

मुतलं! पुन्हा! आणि जागा कोणती शोधली — शाळेच्या हजेरीपटांचा गठ्ठा. बाइंडिंगच्या कारखान्यातून मुद्दाम घरी शिवायला आणला होता. सहा हजेरीपट फुगून वर आले. आता शाळेच्या कारकुनाला काय सांगू, कुत्र्यानं हजेरी लावली म्हणून?

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हल्ली त्याला कळत नाही हो."

कळत नाही! नऊ वर्षांचं घोडं झालंय. दादा होता तोवर बाहेर जायचं असलं की दार खरवडायचं, तेव्हा बरं कळत होतं. दादा गेला, वहिनी ह्याला घेऊन माझ्याकडे राहायला आल्या — ह्याची अक्कल मात्र तिकडेच राहिली.

९ फेब्रुवारी

आज मोजलं. पाण्याचं भांडं दिवसात सात वेळा रिकामं. आणि वहिनी लाडानं म्हणतात, "राजे, हळू प्या." राजे!

१२ फेब्रुवारी

खळ खाल्ली. पुठ्ठे चिकटवायला ताजी शिजवून निवत ठेवली होती. पातेलं चाटून लख्ख, घासायचीसुद्धा गरज नाही. दोन वेळचं जेवण वर आणि वहिनींच्या ताटातलं त्याच्याही वर. तरी बरगड्या दिसतात. खातं ते जातं कुठे?

"डॉक्टरांना दाखवू या का?" वहिनींनी अगदी हळू विचारलं.

"चोरीवर डॉक्टरकडे औषध नसतं," मी म्हणालो. गप्प बसल्या. बऱ्या गप्प बसतात.

१५ फेब्रुवारी

माझ्यावर गुरगुरलं. माझ्याच घरात! मी नुसता दारातून आत आलो, तर दात काढून उभं. मग मागे सरताना स्टुलावर आपटलं. ते स्टूल पंधरा वर्षं तिथंच आहे. नाटकं नुसती! डोळेही हल्ली कसे निळसर, धुरकट झालेत — रोखून बघतं आणि बघतही नाही. डूख धरलाय माझ्यावर.

१६ फेब्रुवारी

उपाय सापडला. पाणीच नाही तर मुतणार कुठून? वहिनी आंघोळीला गेल्या की भांडं मोरीत ओतायचं. संध्याकाळी कारखान्यातून आलो की पुन्हा. बोलायचं नाही, भांडायचं नाही. संपलं.

१८ फेब्रुवारी

चटई ओली. कसं शक्य आहे?

२० फेब्रुवारी

कारखान्यातलं कापायचं मशीन बिघडलं. मिस्त्री म्हणतो तीन दिवस. सगळी शिवण घरी आणली. बरंच झालं. भांड्यासमोरच खुर्ची टाकून बसलो. आता बघतोच.

२१ फेब्रुवारी

न्हाणीघराची ओली फरशी चाटतं. साबणाचं पाणी! हाकललं तर ओलं पायपुसणं तोंडात धरून चोखत बसलं. किळस आली. वहिनी दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

दुपारपासून एकदाही घाण नाही. जिंकलो.

२२ फेब्रुवारी

सकाळी उठलंच नाही. दोनदा ओकलं, मग मान टाकून पडलं. वहिनींना उचलेना, म्हणून रिक्षापर्यंत मीच नेलं. केवढं हलकं! एवढ्याशा जिवाशी मी भांडत होतो?

जनावरांची डॉक्टरीण तरुण आहे, फटकळ आहे. रक्त तपासून म्हणाली, "मधुमेह आहे. साखर मोजायच्या पट्टीबाहेर."

"कुत्र्याला?"

"कुत्र्यालाच. खूप तहान लागते, म्हणून घरात लघवी होते. कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, म्हणून दिसेल ते खातो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय त्यामुळेच. गुरगुरायला लागलाय का?"

मी मान डोलावली.

"दिसत नाही ना. कोण अंगावर येतंय कळत नाही. घाबरतो." मग तिनं त्याची कातडी चिमटीत धरून वर ओढली. सोडली तरी ती तशीच उभी राहिली. "पार सुकलाय हा. पाणी तोडलं होतंत का? अशा जनावराला पाणी मिळालं नाही तर ते असंच आडवं होतं."

"छे हो," वहिनी म्हणाल्या. "भांडं मी स्वतः भरते."

मी भिंतीवरच्या लशींच्या तक्त्याकडे बघत राहिलो. अख्खा तक्ता वाचला. एक अक्षर आठवत नाही.

२४ फेब्रुवारी

सलाईन चालू आहे. वाचेल म्हणते. डोळे जवळजवळ गेलेच. रोज दोन इंजेक्शनं, जन्मभर. "आधी आणायला हवं होतंत," हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. माझ्याकडेच का? माझ्या कपाळावर लिहिलंय?

मशीन दुरुस्त झालं. गेलो नाही.

२६ फेब्रुवारी

घरी आलं. मी जवळ गेलो तर गुरगुरलं. गुरगुर. तुझं बरोबर आहे.

आज भांडं मी भरलं. वहिनींनी पाहिलं, बोलल्या नाहीत. ते गप्प राहणं आता सहन होत नाही.

२७ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

वहिनी पीठ मळत होत्या, हात थांबला नाही. "ठाऊक आहे, भाऊजी. तुम्ही कारखान्यात गेलात की मी भरत होते. मशीन बिघडलं ते दोन दिवस तुम्ही घरीच होतात."

"मग माझ्या तोंडावर का नाही बोललात?"

"घर तुमचं आहे. त्याच्यामागून माझंही भांडं मोरीत ओतलं असतंत तर?"