डावी मूठ

छोटे गं,

आता तुला कुठला पत्ता? तरी लिहितेय.

वहिनीने मला शेवटी ॲक्युपंक्चरवालीकडे ओढून नेलंच. जन्मभर मी कापडाला सुया टोचल्या, आता माझी पाळी! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

माझा डावा हात कोपरापासून नाही, पण दुखतो मात्र तोच. त्याची मूठ इतकी घट्ट वळलेली असते की नखं तळव्यात रुततात. बाई म्हणाली, "डाव्यात टोचायला जागा नाही ना, मग उजव्यात टोचू. गुण येतो."

आणि आला गं. उजव्या हातात सुया लागल्या तशी डावी मूठ सैल पडायला लागली. आधी करंगळी सुटली, मग शेजारचं बोट. माझा चेहरा बघून वहिनी खूश.

तिला कुठे माहीत, भिंत कोसळली तेव्हा त्याच मुठीत तुझा हात होता! मला जिवंत काढलं, तुला नाही.

"काढा त्या सुया!" मी एवढ्यांदा ओरडले की बाई दचकलीच. वहिनी अजून फुगून बसलीय. काय सांगू तिला?

दुखतंय, छोटे. दुखू दे.

तुझा हात न सोडलेली,
ताई